राजा रविवर्मा आणि धाकट्या बंधूंची दैनंदिनी

कमळावर उभी असलेली लक्ष्मी आणि वीणाधारिणी सरस्वती यांची ओळख आपल्या माकणीच्या मंडळींस नव्याने करून द्यावयास नको. त्या चित्रांचे कर्ते राजा रविवर्मा यांचे नावही घरोघर ठाऊक आहे. परंतु त्यांच्या चित्रशाळेत चित्र दिवसादिवसाने कसे आकार घेत असे, हे ज्यांच्यामुळे कळते, ते त्यांचे कनिष्ठ बंधू सी. राजराज वर्मा फारच थोड्यांस माहीत आहेत.

रविवर्म्यांचा जन्म त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे २९ एप्रिल १८४८ रोजी झाला. १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांचा गौरव झाला. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी चौदा पौराणिक चित्रे रंगविली आणि १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. या सर्व उद्योगात १८६० साली जन्मलेले राजराज वर्मा थोरल्या बंधूंच्या सावलीसारखे वावरले. पत्रव्यवहार त्यांनी पाहिला, प्रवासाची व्यवस्थाही पाहिली. ते स्वतः चित्रकार होते आणि निसर्गदृश्यांत त्यांचा हात विशेष चाले.

१८९५ पासून त्यांनी इंग्रजीत दैनंदिनी ठेवली. आज कोणते चित्र हाती घेतले, कोण समोर बसले, काम कुठवर आले, याची साधी टिपणे तीत आहेत. मधूनच एखाद्या नाटकाचा वा भेटीगाठीचा उल्लेख येतो. तैलचित्र पुरे झाले म्हणजे वरचा थर खालच्या थरांस झाकून टाकतो. कोणता हात आधी फिरला, मागचे डोंगर व झाडी कोणी रंगविली, हे पाहणाऱ्यास दिसत नाही. तो झाकलेला इतिहास या वहीने राखला. मागील देखावा पुष्कळदा धाकट्यांचा असे, आणि लौकिक थोरल्यांचा!

१९०२ साली हे बंधू दरबारी कामाच्या आशेने हैदराबादेस गेले व छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचे पाहुणे झाले. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता, म्हणून हा उल्लेख आपणांस अधिक जवळचा वाटावा.

जानेवारी १९०५ मध्ये राजराज वर्मा निवर्तले. त्यांचे वय अवघे चव्वेचाळीस होते. रविवर्म्यांना हा घाव सोसवला नाही. म्हैसूरच्या राजवाड्यासाठी घेतलेले चित्रांचे काम त्यांनी पुढे चालविले. परंतु शेजारी बसून त्याची नोंद करणारा भाऊ आता नव्हता. २ ऑक्टोबर १९०६ रोजी तेही गेले. दैनंदिनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध व्हावयास २००५ साल उजाडावे लागले.