लक्ष्मणराव किर्लोस्कर : आवड आणि व्यवसाय

एसएसएलसीचा निकाल लागला की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : मुलाला चित्रकलेची आवड आहे, पण त्यावर पोट भरेल काय? म्हणून या अंकात लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र थोडक्यात देत आहे.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी गुर्लहोसूर येथे झाला. बेळगाव जिल्ह्यातील हे गाव आपल्या धारवाडपासून फार दूर नाही. त्यांचे मन पुस्तकांत रमत नसे, चित्रांत आणि यंत्रांत रमे. १८८५ साली वडिलांची इच्छा नसताना ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. असा भाऊ सर्वांनाच मिळत नाही.

दोन वर्षांनी कळले की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार होण्याची वाट तेथेच बंद झाली. पण हात रेषेत पक्का होता आणि रेषेला रंग लागत नाही. त्यांनी यंत्रांची रेखाटने शिकून घेतली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत तोच विषय शिकवू लागले.

पुढचा भाग पालकांनी अवश्य वाचावा. १८८८ साली बेळगावात भावांचे सायकलचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, रामूअण्णा त्या विकत. परंतु लक्ष्मणरावांनी नोकरी लगेच सोडली नाही. दुकान आणि पगार दोन्ही काही वर्षे बरोबर चालले. १८९७ च्या सुमारास हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा ते राजीनामा देऊन बेळगावला आले.

तेथे कडबा कापण्याचे यंत्र आणि नंतर लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता, त्यामुळे पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली! पुढे नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ दिला, आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली.

घरातला कुंचला मात्र सुटला नाही. त्यांचे पुतणे शंकरराव चित्रकलाच शिकले होते. त्यांनी १९२० साली याच वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले.