राजाच्या शय्येशेजारचा गायक

१७३७ सालच्या ऑगस्ट महिन्यात माद्रिदच्या उत्तरेला डोंगरपायथ्याशी असलेल्या ला ग्रान्हा येथील राजवाड्यात एक इटालियन गायक दाखल झाला. वय अवघे ३२. पण युरोपातील संगीतरसिकांत त्याच्या तोडीचे दुसरे नाव नव्हते. लंडनमधील पुढच्या हंगामाचा करार त्याने केलेला होता आणि स्पेनचा पाहुणचार घेऊन तिकडे परतण्याचा बेत होता. तो परतला नाही. पुढची सुमारे २२ वर्षे त्याने स्पेनमध्ये काढली आणि त्यानंतर तिकीट काढून नाट्यगृहात येणाऱ्या श्रोत्याला त्याचा आवाज पुन्हा कधीच ऐकायला मिळाला नाही. स्पेनचा राजा पाचवा फिलिप मनाने खचला होता, आणि त्याच्यावर औषध म्हणून राणीने या गायकाला बोलावून घेतले होते. संगीतोपचाराच्या इतिहासात ज्याचा दाखला हमखास दिला जातो, तो हा फारिनेल्ली.

त्याचे मूळ नाव कार्लो ब्रोस्की. जन्म २४ जानेवारी १७०५ रोजी दक्षिण इटलीतील आंद्रिया गावी. वडील साल्वातोरे संगीतकार, थोरला भाऊ रिकार्दो हाही संगीतकार. १७१७ मध्ये वडील अकाली गेले. मुलाचा कोवळा आवाज टिकून राहावा म्हणून वयात येण्यापूर्वीच त्याचे खच्चीकरण करण्याची क्रूर प्रथा त्या काळी इटलीत होती, आणि कार्लोही तिचा बळी ठरला. धर्मसत्तेची या कृत्याला मान्यता नव्हती. त्यामुळे प्रत्येक घराला अपघाताची एखादी कथा रचावी लागे. कार्लोच्या बाबतीत घोड्यावरून पडल्याचे सांगितले गेले. अशा मुलांचे स्वरयंत्र लहानच राही, छाती मात्र प्रौढ पुरुषासारखी भरे. मुलाचा आवाज आणि पुरुषाचा दमसास असा तो संयोग होता. २००६ मध्ये बोलोन्याच्या दफनभूमीतून फारिनेल्लीचे अवशेष अभ्यासासाठी बाहेर काढण्यात आले, तेव्हा कपाळाचे हाड आतून जाड झालेले आढळले. हा बदल एरवी मुख्यतः उतारवयातील स्त्रियांत दिसतो.

नेपल्समध्ये निकोला पोर्पोरा या कडक गुरूकडे त्याची तालीम झाली. १७२० मध्ये, १५ व्या वर्षी तो पहिल्यांदा श्रोत्यांसमोर आला. त्या रचनेचे काव्य तरुण मेतास्तासिओचे होते. दोघे पुढे आयुष्यभर एकमेकांना जुळे भाऊ म्हणत राहिले. रोम, व्हेनिस, व्हिएन्ना असा त्याच्या कीर्तीचा प्रवास झाला. १७३४ मध्ये तो लंडनला गेला, तेथे हँडेलच्या विरोधात उमरावांनी उभ्या केलेल्या ऑपेरा कंपनीत. त्याच्या द्रुत तानांनी श्रोते थक्क होत, हे खरे. परंतु जाणकारांच्या आठवणीत राहिला तो त्याचा एकच स्वर लावण्याचा प्रकार. अगदी क्षीण सूर लावायचा, श्वास न तोडता तो हळूहळू फुलवत न्यायचा आणि तितक्याच सावकाश विरवत आणायचा. माद्रिदच्या त्या अंधाऱ्या दालनात यांपैकी कोणता फारिनेल्ली उपयोगी पडला असेल, हे सांगण्यास वैद्य नको.

पाचवा फिलिप हा फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा नातू. त्याचा आजार जुना होता. १७२४ मध्ये त्याने थोरल्या मुलासाठी सिंहासन सोडले. काही महिन्यांतच तो मुलगा देवीच्या रोगाने गेला आणि बापाला पुन्हा मुकुट चढवावा लागला. १७२८ मध्ये त्याने पुन्हा राज्यत्यागाचा घाट घातला, तो राणी एलिसाबेता फार्नेसे हिने हाणून पाडला. आजाराचा जोर वाढला की राजा अंथरूण सोडत नसे, स्नान करीत नसे, कपडे बदलत नसे. पायाची नखे वाढून चालणे अवघड होई. दिवस-रात्रीचा क्रम उलटा झालेला, मंत्र्यांना मध्यरात्रीनंतर भेटी, आणि कागदांवर सह्या मात्र होत नसत. आजच्या काही अभ्यासकांना यात द्विध्रुवीय विकाराची लक्षणे दिसतात.

राणीच्या काळजीत पत्नीची माया होती, तसा राजकारणाचा हिशेबही होता. राजाने पुन्हा गादी सोडली तर ती जाणार होती सावत्र मुलाकडे, आणि तिच्या सत्तेला ओहोटी लागणार होती. राजा उभा राहणे ही तिची गरज होती.

पहिल्या रात्रीची हकीकत अशी सांगितली जाते, की राणीने फारिनेल्लीला राजाच्या शेजारच्या दालनात गायला लावले. राजा आधी चकित झाला, मग हेलावला. गायकाला आत बोलावून त्याने काय हवे ते माग म्हटले. राणीने आधीच पढवून ठेवल्याप्रमाणे फारिनेल्लीने एवढेच मागितले, की महाराजांनी दाढी करावी, पोशाख चढवावा आणि दरबारात जावे. राजाने ते मानले. ही कथा थोडी जास्तच घोटीव वाटते. मात्र त्यानंतर लगेचच फारिनेल्ली भरघोस वेतनावर राजाचा खासगी सेवक म्हणून नेमला गेला, याला कागदोपत्री आधार आहे.

दुसरी आख्यायिका याहून प्रसिद्ध आहे. फारिनेल्लीने जवळजवळ दहा वर्षे रोज रात्री राजासमोर त्याच त्या चार आरिया, म्हणजे ऑपेरातील एकल गीते, गायिली असे ती सांगते. आपल्याकडे तानसेनाभोवती गोष्टींची जाळी विणली गेली, तसाच हा प्रकार. स्वतः फारिनेल्लीने १७३८ मध्ये बोलोन्यातील आपल्या उमराव आश्रयदात्याला लिहिलेल्या पत्रावरून वेगळे चित्र दिसते. आल्या दिवसापासून आयुष्य एकाच चाकोरीत फिरते आहे, रोज रात्री राजाराणीसमोर आठ-नऊ आरिया गाव्या लागतात, विसावा असा नाहीच, आणि हे निभावण्यासाठी देवाने प्रकृती ठीक ठेवावी, असा त्याचा आशय आहे. चार गाण्यांच्या दंतकथेपेक्षा हे पत्रच अधिक अस्वस्थ करते. उपचार राजावर चालला होता, त्याचे पथ्य मात्र गायक पाळत होता.

गुण किती आला? राजा पुन्हा कामकाज पाहू लागला, सायंकाळ-रात्रीला एक निश्चित क्रम आला, राजवाड्यातील ताण सैल झाला. पण आजार गेला नाही. इंग्लंडचा राजदूत बेंजामिन कीन याने कळवलेल्या वृत्तान्तानुसार, फारिनेल्लीमागोमाग राजा स्वतःच त्या आरिया गाऊ लागे आणि त्याचे रूपांतर आरडाओरड्यात होई. हे बाहेरच्यांना दिसू नये म्हणून खटाटोप करावा लागे. संगीताने राजाला दिवसापुरते सावरले, बरे केले नाही, असेच म्हणावे लागते. म्हणूनच तर ती मात्रा रोज रात्री द्यावी लागे.

आजचे शास्त्रही याहून फार मोठा दावा करीत नाही. द्रुत लयीने श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढतात, तर संगीतामधल्या दोन मिनिटांच्या विरामात ते मूळ पातळीच्याही खाली उतरतात, असे २००६ मध्ये इटलीतील लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. मज्जासंस्था सैलावण्यास श्रवणाची मदत होते; परंतु गंभीर मनोविकारात ते औषधोपचाराची जागा घेत नाही.

९ जुलै १७४६ रोजी फिलिप निवर्तला. नवा राजा सहावा फर्दिनांद आणि राणी बार्बरा दोघेही संगीतवेडे. राणीला डोमेनिको स्कारलाती शिकवीत असे. फारिनेल्लीकडे आता दरबारी ऑपेराची सूत्रे आली, आरान्हुएझच्या नदीतील राजनौकांवर त्याने संगीतविहार योजले, १७५० मध्ये त्याला कालात्रावाचा सरदारकीचा मान मिळाला. हातात एवढे वजन असूनही त्याने राजकारणात ढवळाढवळ केल्याचा किंवा कोणावर सूड उगवल्याचा बोभाटा नाही. दरबारी माणसाच्या बाबतीत हे दुर्मीळच. ऑगस्ट १७५८ मध्ये बार्बरा वारली. पत्नीच्या मृत्यूने फर्दिनांदचे भान हरपले. बापाचाच आजार मुलाला जडल्यासारखे झाले. वर्षभर भ्रमिष्टावस्थेत काढून १० ऑगस्ट १७५९ रोजी तोही गेला. यावेळी कोणताच उपाय चालला नाही.

गादीवर आलेल्या तिसऱ्या चार्ल्सला संगीताची आवड नव्हती. त्याने निवृत्तिवेतन चालू ठेवून फारिनेल्लीला निरोप दिला. बोलोन्याच्या वेशीबाहेरील आपल्या घरी तो राहू लागला. १७७० मध्ये इंग्रज संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नी त्याला भेटला, त्याच वर्षी १४ वर्षांचा मोझार्टही. गाणे आता बंद होते. घरातल्या वाद्यांना त्याने चित्रकारांची नावे दिली होती. लाडक्या पियानोला राफाएल्लो, आणि राणी बार्बराने दिलेल्या हार्प्सिकॉर्डला कोरेज्जो. १२ एप्रिल १७८२ रोजी व्हिएन्नात मेतास्तासिओ वारला. पाच महिन्यांनी, १६ सप्टेंबरला, फारिनेल्लीनेही डोळे मिटले.