कै. प्रिन्सिपॉल गोपाळ गणेश आगरकर



वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत एका थोर पुरुषाचे चरित्र असावे असे बैठकीत ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा भाषा साधीच असणार, ती आपण गोड मानून घ्यावी. आगरकरांचे नाव मुलांच्या पुस्तकात आपण वाचतो. पण त्यांनी जे काही केले ते बरे न होणारे दुखणे अंगावर घेऊन केले, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. म्हणून त्यांच्याविषयी लिहिते.

गोपाळरावांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. कऱ्हाडला थोडे इंग्रजी शिकून झाल्यावर पुढची सोय नव्हती. कधी कचेरीत उमेदवारी केली, कधी दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. शिकायला मिळावे म्हणून ते रत्नागिरीपर्यंत पायी गेले, पण तेथेही जमले नाही. शेवटी अकोल्यास नातेवाइकांकडे राहून ते मॅट्रिक झाले. पुण्यास डेक्कन कॉलेजात असताना त्यांच्यापाशी एकच सदरा होता. तो रात्री धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी तोच अंगात घालायचा, असे दिवस त्यांनी काढले.

असा मुलगा एम. ए. झाला म्हणजे आईला काय वाटेल ते आपण सगळ्या जाणतो. आता मोठी नोकरी लागेल, घरचे पांग फिटतील! परंतु गोपाळरावांनी आईला आधीच पत्र लिहून कळवले, की मी मोठ्या पगाराच्या मागे लागणार नाही, पोटापुरते मिळवीन आणि बाकीचा वेळ लोकांच्या हितासाठी घालवीन. त्याप्रमाणे ते १८८१ साली चिपळूणकर व टिळक यांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले. त्याच साली 'केसरी' निघाला, त्याचे पहिले संपादक तेच. कोल्हापूरच्या प्रकरणात १८८२ साली टिळकांबरोबर त्यांनी मुंबईस डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाले, तेथे ते प्रोफेसर झाले आणि १८९२ पासून प्रिन्सिपॉल.

दम्याने त्यांना तरुणपणीच गाठले होते. ज्यांच्या घरी दम्याचा रोगी आहे त्यांना हे दुखणे सांगावे लागत नाही. माझ्या सासूबाईंना दमा होता. थंडीच्या दिवसांत त्या रात्र रात्र उशीवर ओणव्या बसून काढीत, आणि त्यांचा श्वास ऐकून घरात कोणाचा डोळा लागत नसे. आज तोंडात ओढायचे औषध मिळते, चार घटकांत आराम पडतो. आगरकरांच्या काळी तसे काही नव्हते. आपल्याला फार आयुष्य नाही हे ते ओळखून होते. तरी रात्र अशी गेल्यावर दिवसा कॉलेजात शिकवायचे आणि वर्तमानपत्राचा मजकूर लिहायचा, हे त्यांनी सोडले नाही.

मते न जुळल्यामुळे त्यांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ साली 'सुधारक' काढला. त्यात ते आपल्यासाठीच लिहीत होते असे म्हटले तरी चालेल. मुलींची लग्ने लहानपणी करू नयेत, विधवेचे केशवपन बंद व्हावे, मुलींना मुलांसारखेच आणि मुलांबरोबरच शिकवावे, असे त्यांनी उघडपणे मांडले. मुलीच्या संमतीचे वय १० वरून १२ करणारा कायदा १८९१ साली झाला, त्याचीही त्यांनी बाजू घेतली. बारा वर्षे! तेवढ्यासाठीही केवढे वादळ उठले होते. पुण्यातील लोक आगरकरांवर इतके चिडले की ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली.

अशा माणसाच्या घरी नांदणे सोपे नव्हते. पगार बेताचा, नवरा आजारी आणि बाहेर निंदा, एवढे सारे यशोदाबाईंनी सोसले. त्या जुन्या वळणाच्या होत्या, त्यांची व्रते आणि सोवळेओवळे चालू असे. गोपाळरावांचा त्यावर विश्वास नव्हता, पण बायकोवर त्यांनी कधी सक्ती केली नाही. देवाधर्माविषयीची त्यांची मते मलाही सगळी पटत नाहीत, पण हा गुण फार मोठा वाटतो. जगाला सुधारायला निघालेला माणूस घरात हुकूम चालवीत नव्हता.

१७ जून १८९५ रोजी ते वारले. वयाची ३९ वर्षेही पुरी झाली नव्हती. आपल्या अंत्यविधीसाठी लागणारे पैसे त्यांनी आधीच पुडीत बांधून, तसे लिहून ठेवले होते. एका मोठ्या कॉलेजच्या प्रिन्सिपॉलच्या घरची ही स्थिती! मरणाचा भारसुद्धा दुसऱ्यावर पडू नये ही त्यांची काळजी. ज्या टिळकांशी इतकी वर्षे वाद झाला, त्यांनीच 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

आपला बीड जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. पुण्यातले हे वारे आपल्याकडे यायला फार काळ लागला, आणि अजूनही ते घरोघर पोचले आहे असे म्हणवत नाही. दसरा-दिवाळीनंतर आपल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. वयात आलेली पोर मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, या काळजीने आईबाप तिचे लग्न उरकून टाकतात. अठरा वर्षांचा कायदा कागदावर राहतो. त्या आईबापांना नुसता दोष देऊन भागणार नाही. शेजारच्या अशा एका मुलीला हंगामभर आपल्या घरी जेवू घातले, अंथरूण दिले, तिची शाळा चालू ठेवली, तर एक लग्न तरी टळेल. मंडळातल्या प्रत्येकीने यंदा एवढा विचार करावा.

आगरकरांकडे आयुष्य थोडे होते, पैसा त्याहून थोडा. तरी आधी बरा होतो मग काम करतो, असे ते म्हणत बसले नाहीत. आपल्याला देवाने त्यांच्यापेक्षा पुष्कळ जास्त दिले आहे. त्या थोर पुरुषाच्या स्मृतीस माझे आणि आपल्या मंडळाचे नम्र वंदन.