विश्लेषण : २५ किलो टपाल ते ताज्या भाजीची पेटी… हवाई मालवाहतुकीचे गणित जेआरडींनी कसे मांडले?

ठाण्यात बाळकुम नाक्यावर काशेली-भिवंडीकडून येणाऱ्या मालट्रकांची रांग रोजची आहे. या रांगेत शीतट्रक म्हणजे ‘रीफर’ही असतात. बाळकुमपासून सहारचे विमानतळ साधारण २५ किलोमीटरवर. पण ताजी भाजी, फळे किंवा मासळी परदेशी पाठवणाऱ्याला खरी धास्ती याच टप्प्याची असते. पेटी वेळेत पोहोचली नाही तर विमान निघून जाते आणि माल दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकत नाही. वजन, वेळ आणि भरवसा या तीन गोष्टींवर हा व्यवसाय चालतो. हेच गणित ९० वर्षांपूर्वी एका माणसाने टपालाच्या पिशव्यांवर सोडवले होते. ते होते जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजेच जेआरडी.

विमानाचे वेड कुठून आले?

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभॉय टाटा, आई सुझान फ्रेंच. उत्तर फ्रान्समधल्या समुद्रकाठच्या गावी टाटा कुटुंब सुट्टीला जाई. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांचे घर तिथेच शेजारी होते. विमानाची ओढ तिथे लागली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला.

आगा खान यांनी भारत-इंग्लंड एकट्याने उड्डाण करणाऱ्या भारतीयासाठी बक्षीस लावले. जेआरडी भारतातून निघाले, तर तरुण ॲस्पी इंजिनीअर इंग्लंडहून येत होते. इजिप्तमधल्या अबूकीर इथे ॲस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून पडलेले जेआरडींना दिसले. जेआरडींनी त्यांना प्लग दिला. बक्षीस ॲस्पींनी जिंकले आणि पुढे ते हवाई दलाचे प्रमुख झाले. एका लहानशा सुट्या भागापायी अख्खे विमान खोळंबते, हे जेआरडींनी तेव्हाच पाहिले.

पहिल्या विमानात काय होते?

त्या काळी लंडनहून इम्पीरियल एअरवेजचे विमान टपाल घेऊन कराचीपर्यंत येई. तिथून मुंबई-मद्रासकडे पत्रे रेल्वेने जात आणि विमानाने वाचवलेले दिवस रुळांवर वाया जात. नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने कराची-मद्रास हवाई टपालाची कल्पना टाटांकडे आणली. जेआरडींनी ती उचलून धरली. भांडवल अवघे दोन लाख रुपये. सरकारी अनुदान नाही, वाहून नेलेल्या टपालाचा मोबदला तेवढा मिळणार होता.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडींनी कराचीहून एक इंजिनाचे पस मॉथ विमान उडवले. सोबत सुमारे २५ किलो टपाल होते, रेडिओ नव्हता. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी विमान जुहूला उतरले आणि तिथून व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेले.

पहिल्या वर्षभरात टाटांच्या विमानांनी जेमतेम दहा टन टपाल नेले. आज एक मोठा शीतट्रक एका फेरीत तेवढा माल नेतो. तरीही त्या वर्षी ६० हजार रुपये नफा झाला, कारण टपाल खात्याला वेळापत्रकाचा भरवसा वाटला.

पावसाळ्यात जुहूचे काय होई?

जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्राकाठची मोकळी जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई. जेआरडींनी सेवा थांबवली नाही, विमाने आणि माणसे पावसाळ्यापुरती पुण्याला येरवड्याजवळ हलवली. नाशवंत मालाच्या धंद्यात आजही हाच नियम आहे. एक वाट बंद पडली तर दुसरी आधीच ठरलेली हवी.

प्रवासी विमान आणि भाजीचा संबंध काय?

१९३८ मध्ये, वयाच्या ३४व्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. जेआरडी स्वतः त्यात होते. १९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. जेआरडींचा त्याला विरोध होता, तरी त्यांनी एअर इंडियाचे अध्यक्षपद विनावेतन सांभाळले. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट आले आणि लंडन काही तासांवर आले.

प्रवाशांच्या पायाखाली, विमानाच्या पोटात मालाची जागा असते. त्याला ‘बेली कार्गो’ म्हणतात. भारतातून जाणाऱ्या ताज्या भाज्या-फळांचा मोठा हिस्सा याच जागेतून जातो. म्हणजे प्रवासी सेवा नियमित असेल तरच भेंडी आणि हापूस नियमित जातात. मार्च २०२० मध्ये करोनामुळे आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणे थांबली, तेव्हा ऐन आंब्याच्या हंगामात ही जागाच नाहीशी झाली आणि उरलेल्या जागेचे भाडे कडाडले.

थंडाव्याचा धागा ठाण्यात कसा?

जेआरडींनी खाद्यपदार्थांची निर्यात हा व्यवसाय केला नाही, त्यांचे काम टपाल आणि प्रवासी यांचे होते. पण वेगाला जोड लागते थंडाव्याची. १९५४ मध्ये, जेआरडी अध्यक्ष असतानाच, टाटा सन्स आणि स्विस व्होल्कार्ट ब्रदर्स यांनी मिळून ‘व्होल्टास’ स्थापन केली. वातानुकूलन आणि शीतकरण हे तिचे मुख्य काम. तिचा कारखाना बाळकुमपासून जवळच, ठाण्यात पोखरण रस्त्यावर होता.

आज पेटी विमानापर्यंत कशी जाते?

तापमान : गोठवलेल्या मालाला उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवावे लागते. बहुतेक पालेभाज्यांना शून्याच्या थोडे वर चालते. हापूसला मात्र १३ अंशांच्या आसपास ठेवतात, त्याहून फार थंडीत सालीवर डाग पडतात. म्हणून एकाच ट्रकमध्ये सगळे भरता येत नाही.

वजन : विमान कंपनी प्रत्यक्ष वजन आणि ‘आकारमानी वजन’ यांपैकी जे जास्त त्याचे भाडे घेते. पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ६,००० ने भागायचे. ६० बाय ४० बाय ३० ची पेटी १२ किलोची धरली जाते, आत भाजी आठ किलो असली तरी.

कोरडा बर्फ : गोठवलेल्या मालासोबत घन कार्बन डायऑक्साइड ठेवतात. त्याचा वायू बंद जागेत घातक ठरतो, म्हणून तो धोकादायक माल म्हणून आधी जाहीर करावा लागतो. किती न्यायचा यालाही मर्यादा असते.

कागदपत्रे : फळे-भाज्यांना कीडमुक्ततेचे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र लागते. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर ४०० ग्रे मात्रेची विकिरण प्रक्रिया करावी लागते. राज्य कृषी पणन मंडळाचे असे केंद्र वाशीला आहे.

विमान असूनही पेटी का अडते?

२०१४ मध्ये आंब्याच्या पेट्यांत फळमाशी आढळल्याने युरोपीय संघाने भारतीय आंबा थांबवला, पुढच्या वर्षी बंदी उठली. २०२० आणि २०२१ मध्ये अमेरिकेचे तपासनीस भारतात येऊ न शकल्याने तिकडची निर्यात ठप्प झाली. जमिनीवरची एखादी पायरी चुकली की विमान असूनही माल अडतो. बाळकुम-माजिवड्याची कोंडी आणि अवजड वाहनांवरची वेळेची बंधने हीसुद्धा अशीच पायरी. म्हणून ट्रक निघण्याची वेळ उड्डाणावरून नव्हे, तर माल स्वीकारण्याच्या शेवटच्या मुदतीवरून मागे मोजतात.

अखेरचे पर्व कसे होते?

फेब्रुवारी १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केले. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, ७८व्या वर्षी, त्यांनी पहिल्या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कराची-जुहू मार्गावर पुन्हा एकट्याने छोटे विमान आणले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली.

कराचीला लंडनचे टपाल उतरले की पुढचे विमान तयार असायचे, एवढीच टाटांच्या पहिल्या सेवेची अट होती. शेत, ट्रक, शीतगृह आणि विमान यांना आज तीच अट लागू आहे. ती एका ठिकाणी जरी मोडली, तरी नुकसान सोसावे लागते ते बहुतेक वेळा पेटी भरणाऱ्या शेतकऱ्याला किंवा छोट्या निर्यातदाराला.