जोकिची ताकामिने : परमुलखात लागलेले विरजण

घर सोडून दूर जाणारा माणूस सोबत काय नेतो, ह्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कुटुंबाच्या ट्रंकेत निराळे सापडते. कोणाच्या सामानात देव्हाऱ्यातले टाक असतात, कोणाच्या गोडा मसाल्याचा डबा, तर कोणाच्या आजोबांची ज्ञानेश्वरी. आम्हां पुष्कळांची आयुष्ये बदल्यांच्या आदेशांबरोबर ह्या प्रांतातून त्या प्रांतात गेली. त्यामुळे मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चरित्रलेख लिहावयाचा ठरला, तेव्हा ज्याच्या जीवनात आपल्या स्थितीचे प्रतिबिंब दिसेल असा पुरुष आम्ही शोधला. तो सापडला जपानात. त्याने परदेशी जाताना सोबत नेली ती आपल्या आजोळच्या भट्टीतली बुरशी. त्या बुरशीतून एक औषध निघाले, आणि एंझाइमांच्या साहाय्याने चालणाऱ्या एका नव्या उद्योगाचा पाया घातला गेला.

जोकिची ताकामिने ह्यांचा जन्म ३ नोव्हेंबर १८५४ रोजी ताकाओका ह्या गावी झाला. वडील कागा संस्थानात वैद्य होते आणि पाश्चात्त्य विद्येचे त्यांना अगत्य होते. आईचे माहेर तांदळाची साके गाळणाऱ्यांचे. बालपण कानाझावा येथे गेले. जपानची दारे परकीयांना नुकतीच उघडली होती. वयाच्या अकराव्या वर्षी ह्या मुलास संस्थानाने नागासाकीस इंग्रजी शिकावयास धाडले. पुढे ओसाकात वैद्यक शिकता शिकता त्याचे मन रसायनशास्त्राकडे वळले. तोक्योच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतून १८७९ मध्ये ते पदवीधर झाले, आणि लगेच सरकारी खर्चाने तीन वर्षांसाठी ग्लासगोस गेले.

परतल्यावर १८८३ मध्ये त्यांनी शेती व व्यापार मंत्रालयात नोकरी धरली. हा तपशील आम्हांस विशेष जवळचा वाटतो. पुढे जगाला ठाऊक झालेला हा संशोधक आरंभी आपल्यासारखाच एक सरकारी अधिकारी होता, आणि त्याचा पहिला मोठा प्रवासही सरकारी कामगिरीचाच होता. १८८४ मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे कापसाचे जागतिक प्रदर्शन भरले, तेथे जपानी दालनाची व्यवस्था पाहण्यास त्यांना पाठविण्यात आले. ह्या मुक्कामाने दोन गोष्टी पदरात घातल्या. पहिली, खतासाठी उपयोगी पडणाऱ्या फॉस्फेट खडकाची माहिती. दुसरी, कॅरोलाइन हिच नामक तरुणीशी जडलेला स्नेह. १८८७ मध्ये त्यांनी तिच्याशी विवाह केला, आणि त्याच वर्षी शिबुसावा एइइची प्रभृती उद्योगपतींच्या साहाय्याने तोक्योत कृत्रिम खतांची कंपनी उभी राहिली. चालता धंदा, दोन मुलगे, समाजात मान; एवढ्यावर थांबणे कोणालाही शक्य होते. परंतु १८९० मध्ये ताकामिने सहकुटुंब अमेरिकेस निघाले.

ते कशासाठी निघाले, हे समजण्यास थोडे रसायन सांगणे अवश्य आहे. धान्यात साखर नसते, असतो तो स्टार्च. त्याची साखर झाल्याखेरीज यीस्टला त्यातून मद्यार्क करता येत नाही. युरोप-अमेरिकेत ह्यासाठी सातूला मोड आणून, ते वाळवून माल्ट करीत. आपल्याकडे नाचणीला मोड आणून बाळाचे सत्त्व करतात, तेव्हाही हीच क्रिया घडते. मोड फुटताना दाण्यात डायास्टेज नावाचे एंझाइम तयार होते व ते स्टार्चची लांब साखळी तोडीत जाते. एंझाइम हा सजीवाने घडविलेला उत्प्रेरक होय. तो क्रिया घडवितो, तिचा वेग वाढवितो, परंतु स्वतः खर्ची पडत नाही. म्हणूनच त्याची चिमूट मोठ्या राशीस पुरते. जपानी लोक मोड आणीत नाहीत. ते वाफवलेल्या तांदळावर एका विशिष्ट बुरशीचे बीज पेरतात. सुमारे दोन दिवसांत पांढरी लव वाढते. ह्यालाच कोजी म्हणतात. आपल्या घरी विरजण राखावे तसे हे बीज साके गाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले होते. बुरशीचे शास्त्रीय नाव ॲस्परजिलस ओरायझी.

ताकामिने ह्यांनी ही परंपरा जशीच्या तशी नेली नाही. अमेरिकेत तांदूळ महाग, पण पिठाच्या गिरण्यांतून गव्हाचा कोंडा वाटेल तेवढा मिळे. त्यांनी बुरशीला कोंड्यावर वाढावयास लावले, आणि माल्टला लागणारे दिवस व पैसा दोन्ही वाचविले. इलिनॉय राज्यातील पिओरिया येथे व्हिस्की गाळणाऱ्यांच्या बलाढ्य ट्रस्टने त्यांना प्रयोगास वाव दिला. परंतु माल्टच्या धंद्यात ज्यांचे भांडवल गुंतले होते, ते ही नवी पद्धत मुकाट्याने कशी स्वीकारणार? विरोध वाढला. १८९१ मध्ये कारखान्यास आग लागली. ती लावलेली असावी असा संशय घेतला गेला. गुन्हा मात्र कोणावरही शाबीत झाला नाही. त्यातच ताकामिने यकृताच्या विकाराने अंथरुणास खिळले व शिकागोस नेऊन त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे ट्रस्टही मोडला, आणि जपानी पद्धतीच्या व्हिस्कीचा डाव संपला. परका देश, लहान मुले, मोडलेला व्यवसाय आणि आजारी कर्ता पुरुष, अशा प्रसंगी कॅरोलाइनबाईंनी संसार धरून ठेवला.

कारखाना गेला, तरी ज्ञान शाबूत होते. जे एंझाइम काहिलीतला स्टार्च पचविते ते पोटातला का पचविणार नाही, असा विचार ताकामिने ह्यांनी केला. कोंड्यावर वाढलेल्या बुरशीचा अर्क पाण्यात उतरवावयाचा, त्यात मद्यार्क घालून एंझाइम साक्यासारखे खाली बसवावयाचे, आणि ते वाळवून पूड करावयाची, अशी ही कृती. १८९४ मध्ये तिचे अमेरिकन पेटंट मिळाले. सूक्ष्मजीवापासून काढलेल्या एंझाइमास त्या देशात मिळालेले हे पहिले पेटंट मानतात. डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीने ही पूड अपचनावरील औषध म्हणून टाका-डायास्टेज ह्या नावाने विकावयास घेतली. जपानातील हक्क मात्र ताकामिने ह्यांनी स्वतःकडे राखला. त्या हक्कातून पुढे सांक्यो ही औषधकंपनी वाढली व १९१३ मध्ये ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. हे औषध जपानी घराघरात इतके रुळले की, नात्सुमे सोसेकी ह्यांच्या १९०५-०६ च्या मांजरावरील प्रसिद्ध कादंबरीत घरमालक तेच घेताना दिसतो.

दुसरे यश ह्याहून मोठे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा अर्क रक्तदाब झपाट्याने वाढवितो, हे १८९४-९५ च्या सुमारास इंग्लंडात दिसून आले होते. त्यातील शुद्ध द्रव्य हाती यावे म्हणून बाल्टिमोरचे प्राध्यापक एबल आणि युरोपातील इतर रसायनज्ञ झटत होते. १९०० च्या उन्हाळ्यात ताकामिने ह्यांच्या न्यूयॉर्कच्या लहानशा प्रयोगशाळेत त्याचे स्फटिक मिळाले. शुद्ध स्वरूपात हाती आलेले हे पहिले हॉर्मोन. खुद्द हॉर्मोन हा शब्द तोवर जन्मलाही नव्हता. द्रव्याचे नाव ॲड्रेनलीन ठेवले गेले. शस्त्रक्रियेतील रक्तस्राव आवरण्यास त्याचा लगेच उपयोग होऊ लागला, आणि आजही हृदय बंद पडलेल्या किंवा तीव्र ॲलर्जीने गुदमरलेल्या रुग्णास हेच टोचतात.

येथे एका नावाचा उल्लेख टाळणे अन्यायाचे होईल. ते स्फटिक प्रत्यक्ष काढणारा हात केइझो उएनाका ह्या तरुण साहाय्यकाचा होता. त्याची १९०० सालची टिपणवही टिकून आहे व ती त्याची साक्ष देते. १९०३ मध्ये मिळालेले पेटंट मात्र एकट्या ताकामिने ह्यांच्या नावे निघाले. निसर्गात असलेल्या द्रव्यावर कोणाचा हक्क, हा वादही ह्याच पेटंटाने उभा केला. १९११ मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड ह्यांनी पेटंट ग्राह्य धरले, आणि तो निकाल शंभर वर्षे चर्चिला गेला. एबल ह्यांनीही श्रेयाबद्दल तक्रार केली, पण ती ताकामिने ह्यांच्या मृत्यूनंतर. वहीतील नोंदींमुळे ते काम न्यूयॉर्कच्याच प्रयोगशाळेतले होते हे स्पष्ट होते.

संपत्ती आली, तसे ताकामिने आपल्या माणसांकडे वळले. १९०५ मध्ये न्यूयॉर्कमधील जपान्यांसाठी निप्पॉन क्लब स्थापन झाला, त्याचे ते संस्थापक व पहिले अध्यक्ष. घरापासून हजारो मैलांवर आपली भाषा बोलावयास, आपले जेवण जेवावयास आणि नवख्यास आधार द्यावयास एक जागा असावी, ह्याचे मोल मंडळाच्या सभासदांना आम्ही काय सांगावे? क्लबच्या भिंतींपलीकडेही त्यांची दृष्टी गेली. वॉशिंग्टनला चेरीची झाडे लावण्याचा विचार १९०९ मध्ये चालला होता, तेव्हा आणखी २,००० झाडे देण्याची तयारी त्यांनी दाखविली, व ती तोक्यो शहराची भेट म्हणून द्यावयाचे ठरले. पहिली खेप १९१० मध्ये कीड लागलेली निघाली म्हणून जाळावी लागली. तरी प्रयत्न सुटला नाही. १९१२ मध्ये ३,०२० झाडे पोचली, आणि त्यांच्या वंशाला वॉशिंग्टनमध्ये आजही दर वसंतात बहर येतो. मायदेशी १९१३ मध्ये त्यांनी मूलभूत संशोधनाची राष्ट्रीय संस्था काढण्याचा आग्रह धरला. त्यातून १९१७ मध्ये रिकेन ही संस्था स्थापन झाली.

एवढे करूनही त्या देशाने त्यांना नागरिक करून घेतले नाही. तेव्हाच्या कायद्याने जपानी माणसास नागरिकत्व मिळतच नसे. २२ जुलै १९२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते निवर्तले व तेथीलच वुडलॉन दफनभूमीत विसावले.

त्यांच्या मागे त्यांनी दाखविलेली वाट मात्र रुंद होत गेली. १९०४ मध्ये श्टोल्त्स ह्या जर्मन रसायनज्ञाने ॲड्रेनलीन प्रयोगशाळेत बनविले, पण ते नैसर्गिकाच्या सुमारे निम्मेच प्रभावी ठरले. कारण सरळ होते. त्या रेणूची डावी व उजवी अशी दोन रूपे असतात, जणू दोन हातांचे पंजे. साध्या कृतीने दोन्ही सारखी तयार होतात, आणि शरीराला चालते ते एकच. सजीवांचे एंझाइम ही चूक करीत नाही. ते बहुधा एकाच हाताचा रेणू घडविते. १९२१ मध्ये यीस्टच्या एंझाइमाकडून असा एकहाती रेणू घडविण्यात आला, आणि पुढे त्यापासून दम्यावरील एफेड्रिन कारखान्यात बनू लागले. २०१० मध्ये मधुमेहावरील सिटाग्लिप्टिनसाठी खास घडविलेले एंझाइम जाहीर झाले, आणि ऱ्होडियम ह्या महाग धातूच्या व दाबाखालील हायड्रोजनच्या पायरीची गरज उरली नाही. ताकामिने ह्यांनी ही औषधे पाहिली नाहीत. पण बुरशीचे एंझाइम वेगळे काढून, पूड करून, बाटलीत भरून औषध म्हणून विकता येते, हे कारखान्याच्या प्रमाणावर दाखविणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांचे नाव घ्यावे लागते.

विरजण डब्यात जपून ठेवले तर ते मरते. नव्या गावच्या दुधात घातले तरच टिकते. ताकामिने ह्यांनी आजोळची बुरशी परक्या कोंड्यावर वाढविली, म्हणून ती जगली व जगाच्या उपयोगी पडली. आपण आपली भाषा, आपले सण आणि आपल्या चालीरीती ज्या प्रांतात नांदवीत आहोत, तेथील दूधही त्यांना मानवेल, अशी आमची श्रद्धा आहे. पन्नास वर्षे चाललेले हे मंडळ तिला आधार देते.