सेल्फ लागला की आठवावेत असे वालचंद हिराचंद



23 नोव्हेंबर म्हणजे उद्योगपती वालचंद हिराचंद दोशी यांची जयंती. पाठात त्यांचं नाव येतं, मुलं पाठ करतात आणि विसरतात. पण लालबाग-परळच्या मुलांना काळी-पिवळी टॅक्सी माहीत असते. कुणाचे आजोबा ती चालवत होते, तर कुणाचे काका गॅरेजात होते. तिथून सुरुवात केली तर हा माणूस मुलांना जवळचा वाटतो.

वालचंद यांचा जन्म 1882 साली सोलापुरात झाला. आई लहानपणीच गेली. घरचा व्यवसाय सावकारी आणि कापसाचा. शिक्षणासाठी ते मुंबईत धोबीतलावच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते. घरच्या पेढीवर बसून आयुष्य आरामात गेलं असतं, पण त्यांचं मन तिथे रमेना. पूर्वी रेल्वेत कारकून असलेले लक्ष्मणराव फाटक यांना भागीदार करून त्यांनी रेल्वेची ठेकेदारी धरली. बार्शी लाईट रेल्वेच्या लहानशा कामापासून सुरुवात झाली आणि पुढे बोरघाटातल्या बोगद्यांपर्यंत मजल गेली.

1919 साली त्यांनी मित्रांसोबत सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. 5 एप्रिल 1919 रोजी तिची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. आज तोच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला बुडवायचा प्रयत्न केला, पण कंपनी टिकली. बॅलार्ड इस्टेटला गेलात तर जवळच्या रस्त्यावर त्यांच्या नावाची पाटी मुलांना जरूर दाखवा.

मग त्यांनी मोटारीचा ध्यास घेतला. त्या काळी आपल्याकडे गाडी परदेशातून यायची. बिघडली तर सुटा भागही तिकडूनच यायचा. वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी फिसकटली, तेव्हा क्रायस्लरशी करार केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने मोटार कारखान्याला पाठिंबा दिला नाही. पण ते हात बांधून बसले नाहीत. 1940 मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना आणि 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी, अशी दोन कामं उभी केली. 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि 1947 मध्ये तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. 1949 साली पक्षाघाताने त्यांना गाठलं आणि 8 एप्रिल 1953 रोजी त्यांचं निधन झालं. 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव 1970 च्या दशकातलं, म्हणजे ती गाडी त्यांनी पाहिलीच नाही. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 2003 मध्ये नोंदली गेली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये तिची सेवा संपली.

आता यातून विज्ञानाचा तास कसा घ्यायचा ते पाहू. पूर्वी पुढून हँडल मारून गाडी सुरू करत. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. 1912 मध्ये अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत आला. त्यालाच आपले मेकॅनिक 'सेल्फ' म्हणतात.

किल्लीने सुरू होणाऱ्या जुन्या गाडीत बॅटरीची जाड वायर सोलेनॉइडमार्फत सेल्फला जाते. किल्लीकडून मात्र सोलेनॉइडला एक बारीक वायर येते. बारीक वायरीतला थोडा प्रवाह सोलेनॉइडला जागा करतो आणि तो जाड वायरीची वाट मोकळी करतो. सगळा मोठा प्रवाह किल्लीतून नेला असता तर स्विच जळून गेला असता.

गाडी सुरू होत नसेल तर चांगला मेकॅनिक लगेच सेल्फ खोलत नाही. तो क्रमाने जातो.

1. हेडलाईट लावून किल्ली फिरवायची. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी उतरलेली असते, नाहीतर तिच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर साचलेला असतो.
2. दिवे ठणठणीत, पण नुसता 'टक' आवाज आला तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट, जाड वायरीचे जोड आणि अर्थिंगची पट्टी तपासायची.
3. काहीच आवाज नाही? मग टेस्ट लॅम्प सोलेनॉइडच्या बारीक वायरीला लावून किल्ली फिरवायची. दिवा लागला नाही तर दोष किल्लीच्या स्विचमध्ये किंवा त्या वायरीत. लागला तर दोष पुढे.
4. धक्का मारून गाडी सुरू झाली तर कॉइल, पॉइंट, प्लग ठीक आहेत. दोष बॅटरीच्या किंवा सेल्फच्या बाजूला शोधायचा.
5. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तर पेट्रोल येतंय का आणि प्लगला ठिणगी पडते का ते बघायचं.

(गाडी न्यूट्रलमध्ये हवी, हँडब्रेक ओढलेला हवा आणि हे काम मोठ्यांनीच करायचं.)

वर्गात हेच टॉर्चचा सेल, छोटा बल्ब, दोन वायरी आणि पेपर क्लिपचा स्विच घेऊन करता येतं. एक जोड मुद्दाम सैल ठेवा. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा, मग एकेक जोड तपासू द्या. उत्तर लगेच सांगू नका.

गॅरेजातल्या या हुशारीला आपण घरी नाही तर शाळेत फारशी किंमत देत नाही. अभ्यास केला नाहीस तर गॅरेजात जावं लागेल, असं मुलाला सहज बोलून जातो. ज्याचे वडील मेकॅनिक आहेत ते मूल तेव्हा काय ऐकत असेल? वालचंदांनी कारखाने काढले ते अशाच हातांच्या भरवशावर. जमलं तर या जयंतीला एखाद्या पालक-मेकॅनिकला वर्गात बोलवा आणि खुर्ची देऊन बसवा. त्यांच्या हातातला टेस्ट लॅम्प मुलांना हाताळू द्या.