चार्ल्स स्टेंट : दंतवैद्याचे नाव, रुग्णाचा घास

हृदयविकाराच्या निमित्ताने ‘स्टेंट’ हा शब्द घराघरांत पोहोचला आहे. तो एका दंतवैद्याचे आडनाव आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

चार्ल्स थॉमस स्टेंट यांचा जन्म १८०७ मध्ये इंग्लंडमधील ब्रायटन येथे झाला. पुढे लंडनमध्ये ते दंतवैद्य म्हणून स्थिरावले. त्या काळी कवळीसाठी हिरड्यांचा ठसा घ्यायला गट्टा-पर्चा हा झाडाच्या चिकापासून मिळणारा पदार्थ वापरत. तो थंड होताना आकसे, तोंडातून काढताना वाकडा होई. मग कवळी नीट बसत नसे. १८५६ च्या सुमारास स्टेंट यांनी त्यात स्टीअरीन, शंखजिरे आणि तांबडा रंग मिसळला. हे मिश्रण दिलेला आकार टिकवून धरू लागले. त्यांचे दोन्ही पुत्र, चार्ल्स रॉबर्ट आणि आर्थर हॉवर्ड, याच व्यवसायात आले. १८८५ मध्ये स्टेंट यांचे निधन झाले.

पहिल्या महायुद्धात डच शल्यविशारद योहानेस एसर यांनी जखमी सैनिकांच्या चेहऱ्यावर त्वचारोपण करताना त्वचा जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी हेच मिश्रण वापरले. तेथून आधार देणाऱ्या साधनाला ‘स्टेंट’ म्हणण्याचा प्रघात पडला. १९५४ मध्ये पित्तनलिकेवरील प्रयोगांत आतून आधार देणाऱ्या नळीलाही हे नाव मिळाले.

योगायोग असा, की स्टेंट यांच्या मृत्यूच्याच वर्षी लंडनच्या गाइज रुग्णालयातील चार्टर्स सायमंड्स यांनी कर्करोगाने अरुंद झालेल्या अन्ननलिकेत नळी बसविल्याची नोंद प्रसिद्ध केली. रोग हटणार नव्हता. रुग्णाला गिळता यावे, एवढाच हेतू होता.

आजही हेतू तोच आहे. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची जाळीदार नळी मिटलेल्या स्थितीत दुर्बिणीच्या साहाय्याने गाठीपलीकडे नेतात. तेथे ती एक-दोन दिवसांत आपोआप पूर्ण उमलते. अन्ननलिकेत तिच्यामुळे घास उतरतो, जठराच्या तोंडाशी बसविल्यास उलट्या थांबतात, पित्तनलिकेत कावीळ ओसरते आणि मोठ्या आतड्यात पोटावर शौचमार्ग काढण्याची वेळ अनेकदा टळते. नळी सरकणे, आतड्याला छिद्र पडणे, गाठ जाळीतून वाढून मार्ग पुन्हा बंद होणे, हे धोके आहेतच. आयुष्य बरेच उरले असेल, तर काही रुग्णांना शस्त्रक्रियाच अधिक टिकाऊ ठरते. म्हणून निर्णयापूर्वी रुग्ण आणि कुटुंबाशी मोकळेपणी बोलणे अगत्याचे असते.

चोर्ला घाटमाथ्यावरील कणकुंबीसारख्या गावातील रुग्णाला मोठ्या उपचारासाठी एकीकडे बेळगाव, तर दुसरीकडे घाट उतरून गोवा गाठावा लागतो. हाती मोजके दिवस असताना रुग्णालयातील मुक्काम कमी होणे आणि घरी परतून वाटीभर पेज तोंडाने घेता येणे, याचे मोल अशा घरांना सांगावे लागत नाही. पालेभाज्यांचे दोरे टाळावेत, अन्न मऊ असावे, सावकाश चावावे, एवढे पथ्य त्यानंतर उरते.

स्टेंट यांनी घडविला तो केवळ एक ठसा. आकार धरून ठेवण्याचा त्याचा गुण मात्र त्यांच्या नावासह वैद्यकात राहिला, आणि बऱ्या न होणाऱ्या रुग्णाचेही सुख हे वैद्यकाचे कर्तव्यच आहे, याची तो आजही साक्ष देतो.